इंजिन मधेच राहू द्या : जुन्या बर्ट्राम ३१ ला आउटड्राइव्ह बसवताना

१९६० सालच्या मायामी–नासाऊ पॉवरबोट शर्यतीत समुद्र चांगलाच खवळलेला होता. 'मॉपी' नावाची लाकडी बोट त्या लाटांतून आठ तासांत नासाऊला पोहोचली आणि पहिली आली. चाकावर सॅम ग्रिफिथ होते, सोबत मालक डिक बर्ट्राम. बोटीचा तळ रे हंट यांनी आखलेला होता. तो नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, थेट मागच्या टोकापर्यंत खोल 'व्ही' आकाराचा होता. दुसरी आलेली 'अ‍ॅक्वा हंटर' ही बोटही हंट यांच्याच तळाची. ती जिम विन यांची होती. तिच्या मागच्या भिंतीवर व्होल्वो पेंटा कंपनीचे आउटड्राइव्ह, म्हणजे बोटीबाहेर बसणारे पंख्याचे पाय, होते. आदल्याच वर्षी, १९५९ मध्ये, विन यांच्या कल्पनेवर बेतलेला हा ड्राइव्ह 'अ‍ॅक्वामॅटिक' या नावाने बाजारात आला होता.

मॉपीवरून १९६१ मध्ये फायबरग्लासची बर्ट्राम ३१ तयार झाली आणि ती पुढे दोन दशकांहून जास्त काळ बनत राहिली. बोटीच्या मध्यावर, कॉकपिटमधल्या दोन पेट्यांखाली दोन इंजिनं, तिथून तिरके खाली गेलेले शाफ्ट, त्यांवर पंखे आणि मागे सुकाणू अशी तिची रचना. फ्लोरिडातल्या आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या यार्डांत या बोटी आजही दिसतात. सांगाडा धडधाकट आणि इंजिनं संपलेली, अशी अवस्था असते. अशी बोट घेणाऱ्याच्या मनात हमखास विचार येतो, की या तळाला आउटड्राइव्ह लावले तर? ते जमतं, आणि चांगलं जमतं. पण त्यासाठी एक अट पाळावी लागते. ड्राइव्ह मागे लावा, इंजिनं मागे नेऊ नका. पुढचं सगळं या एका अटीभोवती फिरतं.

आधी तीन शब्द समजून घ्या

इनबोर्ड म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि तळातून बाहेर पडणारा तिरका शाफ्ट. पंखा वळत नाही, दिशा सुकाणू देतं.

आउटड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत असतं. खालचा पाय, म्हणजे गिअर आणि पंखा, बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीबाहेर असतो. या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. अख्खा पाय डावी-उजवीकडे वळतो, म्हणून सुकाणू लागत नाही. तो वर-खाली झुकवता येतो, म्हणून धावत्या बोटीची नाळ उचलता किंवा दाबता येते आणि उथळ पाण्यात पाय वर घेता येतो. पंख्याचा जोर जवळजवळ आडवा लागतो, तिरक्या शाफ्टसारखा त्यातला काही वर वाया जात नाही.

नेहमीच्या मांडणीत इंजिन ट्रान्समला चिकटून बसतं. ते पुढे ठेवून ड्राइव्हपर्यंत ताकद न्यायची असेल तर मधे एक लांब शाफ्ट लागतो. तो जॅकशाफ्ट. ट्रकच्या पोटाखाली फिरणारा प्रोपेलर शाफ्ट तुम्ही पाहिला असेल, हा त्याचाच भाऊ. दोन टोकांना क्रॉस, म्हणजे कोनातही फिरू देणारे सांधे, मधे नळी आणि लांबी कमी-जास्त होऊ देणारा स्प्लाइनचा, म्हणजे दात्यांचा, सरकता सांधा.

पायरी पहिली : वजनाचा हिशेब, कागदावर

एकही स्क्रू काढण्याआधी हे काम करा. बोट उचलताना यार्डाच्या क्रेनवर वजनकाटा असेल तर पुढच्या आणि मागच्या पट्ट्यांवरचं वजन वेगवेगळं टिपून घ्या. पट्ट्या ट्रान्समपासून किती अंतरावर आहेत तेही मोजा. एवढ्यावरून गुरुत्वमध्य कुठे आहे ते काढता येतं.

उदाहरणादाखल बोट ५,००० किलोची धरू. पेट्रोलचं एक व्ही-८ इंजिन साधारण ४५० किलोचं, म्हणजे दोन मिळून ९०० किलो. ती २ मीटर मागे, ट्रान्समला टेकवली तर ९०० गुणिले २ म्हणजे १,८०० किलो-मीटर. त्याला ५,००० ने भागलं की ०.३६. सगळ्या बोटीचा गुरुत्वमध्य ३६ सेंटिमीटर मागे सरकला. त्यात ट्रान्समबाहेर लटकणारे दोन ड्राइव्ह वेगळेच.

साडेनऊ मीटरच्या बोटीत ३६ सेंटिमीटर किरकोळ वाटतात, पण समुद्रावर ते किरकोळ नसतात. अशी बोट मागे बसते, पाण्यावर चढायला वेळ घेते आणि मधल्या वेगात टिकत नाही. सपाट पाण्यातही नाळ वर-खाली डुलत राहते. याला पॉर्पॉइझिंग म्हणतात. मग मालक मोठे ट्रिम टॅब, म्हणजे ट्रान्समच्या तळाशी झुकणाऱ्या पट्ट्या, लावतो, नाळेत वजन भरतो आणि ज्या गुणासाठी ती बोट घेतली तोच घालवून बसतो. बर्ट्राम ३१ लाटेत मऊ उतरते ती तळाच्या आकारामुळे. पण तो आकार नीट काम करतो तो वजन मध्यावर असेल तेव्हाच. हंट यांनी तळ आखला तो इंजिनं कुठे असतील हे धरून.

इंजिनं जिथे होती तिथेच ठेवली तर हिशेब वेगळा निघतो. जुने गिअरबॉक्स, शाफ्ट, त्यांना तळाखाली धरणारे कंस आणि सुकाणू निघाले, मागे साधारण शंभर-शंभर किलोचे दोन ड्राइव्ह आले. गुरुत्वमध्य थोडा मागे जातो, पण बॅटऱ्या, पाण्याची टाकी आणि नांगराची साखळी पुढे हलवून तो सावरता येतो. ही बेरीज-वजाबाकी एका तक्त्यात मांडा. प्रत्येक वस्तूचं वजन आणि ट्रान्समपासूनचं अंतर लिहा. तक्ता पूर्ण होऊन नवा गुरुत्वमध्य जुन्याच्या अगदी जवळ येईपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी दुसरी : सांगाड्याची तपासणी

साठ-सत्तरच्या दशकात फायबरग्लास जाड घालत, त्यामुळे तळ बहुधा भक्कम निघतो. कुजतं ते लाकूड. ट्रान्सममधलं प्लायवूड, स्ट्रिंजरमधलं, म्हणजे तळाच्या आतल्या लांब उभ्या तुळयांमधलं, लाकूड, डेकमधला भराव. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर तिथे शंका घ्या. ओलावा मोजायचं यंत्र वापरा, पण त्याच्यावरच विसंबू नका. ट्रान्समच्या आतल्या बाजूने बारीक भोकं पाडून भुसा बाहेर काढा. तो काळपट, ओला आणि आंबट वासाचा असेल तर निकाल लागला. भोकं नंतर इपॉक्सीने भरता येतात.

इंधनाची टाकी कशाची आहे तेही पाहा. त्या काळातल्या काही बोटींत टाकीही फायबरग्लासची आहे. आता अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये सर्रास दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या पॉलिएस्टर रेझिनमधले घटक विरघळवतं. त्यातून निघालेला काळा चिकट साका इंजिनाच्या व्हॉल्व्हवर बसतो. अशी टाकी ठेवून नवी इंजिनं टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. टाकी बदलायचीच असेल तर याच वेळी बदला, कारण कॉकपिटचं डेक एवीतेवी उघडावं लागणार आहे आणि जॅकशाफ्टचा मार्ग टाकीशेजारूनच जाणार आहे.

पायरी तिसरी : ट्रान्सम

सगळ्यात जास्त मेहनत, वेळ आणि धूळ इथे आहे.

इनबोर्ड बोटीत पंख्याचा जोर शाफ्टमधून गिअरबॉक्सला, तिथून इंजिनाच्या पायांना आणि मग स्ट्रिंजरना मिळतो. ट्रान्सम ही नुसती मागची भिंत. त्यावर एक्झॉस्टचे पाइप आणि बोटीचं नाव. आउटड्राइव्ह लावला की सगळा जोर, वळताना पडणारा पीळ आणि लाटेवर आपटताना बसणारा धक्का थेट या भिंतीवर येतो. कारखान्याने ती त्या कामासाठी बांधलेली नव्हती. जुना ट्रान्सम कोरडा निघाला तरी तो पुरेसा आहे असं गृहीत धरू नका.

मर्क्रूझर या कंपनीच्या ड्राइव्हना ट्रान्समची जाडी ५१ ते ५७ मिलिमीटर लागते. आतला आणि बाहेरचा पृष्ठभाग ३ मिलिमीटरच्या आत समांतर हवा. ही अट नीट पाळा. आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या प्लेटी बोल्टने आवळल्या जातात आणि मधे रबरी सील असतं. भिंत उंच-सखल असेल तर सील एका बाजूला दबतं, दुसऱ्या बाजूने पाणी शिरतं.

काम आतून करणं मला जास्त पटतं, कारण बाहेरचा मूळ पृष्ठभाग आणि त्याचा आकार शाबूत राहतो. आतला फायबरग्लासचा थर कापून काढा, कुजलेलं प्लायवूड खरवडून काढा, बाहेरचा थर खरखरीत करून पूर्ण वाळू द्या. नवा गाभा सागरी प्लायवूडचा चालतो किंवा काचतंतू घातलेल्या जड फोमच्या पाट्यांचा. फोम महाग आहे, पण कुजत नाही. गाभा इपॉक्सीच्या लगद्यात बसवा, मधे हवा राहू देऊ नका, बाहेरून आडव्या दांड्या लावून सपाट आवळा. मग आतून फायबरग्लासचे थर घाला आणि ते तळावर, बाजूंवर आणि स्ट्रिंजरवर चांगले पसरू द्या.

त्यानंतर ट्रान्सम आणि स्ट्रिंजर यांना जोडणारे तिरके आधार बांधा, प्रत्येक ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंना. जोर भिंतीवर थांबता कामा नये, तो स्ट्रिंजरमधून पुढे पसरला पाहिजे. नव्याने शिकणारे हे आधार विसरतात, कारण पूर्ण झालेल्या बोटीत ते दिसत नाहीत.

ट्रान्समचा कलही मोजा. आउटड्राइव्ह बारा-तेरा अंश मागे कललेल्या भिंतीसाठी घडवलेले असतात. जुन्या इनबोर्ड बोटींची भिंत त्याहून उभी असू शकते. मग ड्राइव्ह पुरेसा आत ओढला जात नाही आणि नाळ दाबता येत नाही. फरक असेल तर गाभा बसवतानाच पाचर घालून कल दुरुस्त करा. नंतर ते करणं फार अवघड.

पायरी चौथी : भोकं कुठे पाडायची

ड्राइव्हची उंची ठरवणारं माप निर्मात्याच्या पुस्तिकेत 'एक्स' या नावाने दिलेलं असतं. तळापासून ड्राइव्हमध्ये शिरणाऱ्या शाफ्टच्या मध्यापर्यंतचं ते अंतर. दोन ड्राइव्ह असतात तेव्हा ते मधल्या कण्यापासून बाजूला येतात आणि खोल व्हीच्या तळात बाजूला सरकलं की तळ झपाट्याने वर चढतो. बर्ट्राम ३१ चा तळ मागे २३ अंशांच्या आसपास उतरता आहे. कण्यापासून ४० सेंटिमीटर बाजूला गेलात की तळ १७ सेंटिमीटर वर येतो. म्हणून एका इंजिनाच्या बोटीचं माप दोन इंजिनांना लावू नका. पुस्तिकेतला दोन ड्राइव्हचा भागच वाचा. दोन ड्राइव्हमधलं किमान अंतरही तिथेच मिळेल.

तळ जिथे ट्रान्समला मिळतो ती धार गोल झिजलेली असेल तर सरळ पट्टी तळाला लावून मागे काढा आणि तिथून मोजा. मधली रेषा तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून काढून जुळते का बघा. जुन्या बोटी हाताने घडलेल्या साच्यांतून आल्या आहेत. डावी बाजू उजवीसारखीच असेल याची खात्री नसते.

ड्राइव्हच्या पुढच्या पाण्याच्या वाटेत काय आहे तेही पाहा. तळावरच्या लांबट पट्ट्या, पाणी घेणाऱ्या तोट्या किंवा खोली मोजणारा सेन्सर पंख्यासमोर आला तर हवेचे बुडबुडे पंख्यात जातात आणि पकड सुटते. तोट्या हलवा. पट्टी किती आधी संपवायची ते पुस्तिका सांगेल.

भोक कापल्यावर उघड्या पडलेल्या गाभ्याच्या कडा इपॉक्सीने दोन-तीनदा भिजवून बंद करा. प्रत्येक बोल्टचं भोकही तसंच. नवा ट्रान्सम पुन्हा कुजला तर बहुतेक वेळा तो याच कडांतून कुजतो.

पायरी पाचवी : जुनी भोकं बुजवा

शाफ्टच्या नळ्या, कंस आणि सुकाणू यांची भोकं तळात उरतात. हा भाग पाण्याखालचा, तेव्हा इथे घाई नको. भोकाभोवती फायबरग्लास उतरतं घासा. जाडीच्या बारापट रुंदीचा उतार हे दुरुस्तीतलं रूढ माप आहे. तळ दोन सेंटिमीटर जाड असेल तर सभोवार २४ सेंटिमीटर. मग लहानापासून मोठ्यापर्यंत थर चढवत जा, इपॉक्सीनेच. बाहेरून शक्य असेल तितका सपाट साचा लावा, म्हणजे धावताना तिथे पाणी अडखळणार नाही.

पायरी सहावी : इंजिनाचे पाये

जागा तीच असली तरी जुने पाये जसेच्या तसे चालत नाहीत. इनबोर्डचं इंजिन शाफ्टच्या कलाप्रमाणे मागे बरंच झुकलेलं असतं. जॅकशाफ्टसाठी ते जवळपास आडवं हवं. शिवाय मागचे पाय पूर्वी गिअरबॉक्सला होते आणि गिअरबॉक्स आता निघाला, कारण पुढे-मागे जाण्याचा क्लच आउटड्राइव्हच्या आत असतो. ट्रान्समला टेकलेलं इंजिन मागच्या बाजूने ट्रान्सम-प्लेटवर उभं असतं, ती सोयही इथे नाही. म्हणून फ्लायव्हीलच्या घरावर मागचे पाय वेगळे लागतात. जॅकशाफ्टचा संच घेताना त्यात हे पाय, फ्लायव्हीलवरचं लवचीक कपलिंग आणि ट्रान्समपाशी शाफ्टला आधार देणारं बेअरिंगचं घर, हे तिन्ही आहेत ना ते विचारा. लवचीक कपलिंग इंजिनाचे हादरे गिळतं. ते गाळून थेट शाफ्ट जोडायचा मोह झाला तर ड्राइव्हचे दात त्याची किंमत मोजतात.

पायरी सातवी : जॅकशाफ्ट

इनबोर्डचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागे असतो, म्हणून तो इंजिनापेक्षा संथ फिरतो. आउटड्राइव्हमध्ये वेग कमी करणारे गिअर पायात असतात. त्यामुळे जॅकशाफ्ट इंजिनाच्या पूर्ण वेगाने फिरतो. क्लचही पायात असल्यामुळे, बोट धक्क्याला बांधलेली आणि लिव्हर न्यूट्रलमध्ये असतानाही तो फिरतच असतो. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात.

पहिला नियम लांबीचा. प्रत्येक शाफ्टला एक वेग असा असतो की त्याजवळ तो मधोमध धनुष्यासारखा वाकून फेकला जाऊ लागतो. हा क्रिटिकल स्पीड लांबीच्या वर्गाने घटतो. ७६ मिलिमीटर व्यासाची पातळ भिंतीची पोलादी नळी घेतली तर एक मीटर लांबीला तो मिनिटाला साडेबारा हजार फेऱ्यांच्या आसपास येतो, दीड मीटरला ५,६०० आणि दोन मीटरला जेमतेम ३,१५०. तुमचं पेट्रोल इंजिन ४,८०० फेऱ्या करतं आणि क्रिटिकल स्पीडच्या तीन-चतुर्थांशाच्या खालीच राहायचं असतं. तेव्हा दीड मीटरला ही नळी पुरत नाही. १०० मिलिमीटरची जाड नळी घेतली तर पुरते. दोन मीटरला मात्र तीही पुरत नाही. तिथे शाफ्टचे दोन तुकडे आणि मधे सेंटर बेअरिंग हाच मार्ग. ते बेअरिंग दोन्ही स्ट्रिंजरना घट्ट बांधलेल्या आडव्या तुळईवर बसवा, डेकच्या फळीवर नाही.

दुसरा नियम कोनाचा. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा एका फेरीत दोनदा किंचित वेगाने आणि दोनदा किंचित संथ फिरतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर ही चढ-उतार तिथे रद्द होते. म्हणून इंजिनाचा आणि ड्राइव्हचा अक्ष समांतर हवा. दोन्ही टोकांचे कोन सारखे, फार तर एका अंशाचा फरक. कोन शून्यही नको. क्रॉसमधल्या सुईसारख्या रोलरना थोडं हलावं लागतं, नाहीतर ते एकाच जागी घासून खाचा पाडतात. एक ते तीन अंश उत्तम. अंदाजासाठी, एक मीटरच्या शाफ्टवर इंजिनाचा अक्ष ड्राइव्हपेक्षा ४० मिलिमीटर वर असला तर सव्वादोन अंश मिळतात. कोन उभ्या दिशेत मोजता तसा आडव्या दिशेतही मोजा. दोन तुकड्यांच्या शाफ्टचं कोनांचं गणित जरा गुंतागुंतीचं आहे. मोजलेले सगळे कोन आणि उंच्या लिहून शाफ्ट बनवणाऱ्या कारागिराला द्या आणि त्याच्याकडून पडताळून घ्या.

तिसरा नियम जुळणीचा. क्रॉसना धरणाऱ्या दोन्ही टोकांच्या काट्यांचे कान एकाच पातळीत हवेत. सरकता सांधा सोडताना दोन्ही भागांवर रंगाची एक सलग रेघ मारून ठेवा. एक दात चुकीचा बसला तरी बोट थरथरते आणि कारण सापडत नाही. शाफ्ट पूर्ण जोडून संतुलित करून घ्या.

चौथा नियम संरक्षक झाकणाचा, आणि यात कुठलीही सवलत नाही. क्रॉस तुटला तर मोकळं टोक काही क्षणांत तळ फोडू शकतं, इंधनाची नळी कापू शकतं किंवा डेकवर उभ्या माणसाचा पाय. शाफ्टच्या पूर्ण लांबीवर स्ट्रिंजरना बोल्टने बांधलेलं धातूचं आवरण हवं आणि दोन्ही टोकांना शाफ्ट पकडून ठेवणाऱ्या मजबूत कड्या. ग्रीस भरायला आवरणात उघडती खिडकी ठेवा. ग्रीस भरणं अवघड केलं तर कोणी भरत नाही.

यार्डातल्या टेकूंवर उभी असलेली बोट आणि पाण्यातली बोट यांचा आकार किंचित वेगळा असतो. म्हणून शेवटची जुळणी बोट पाण्यात उतरवून एक दिवस तरंगू दिल्यावर पुन्हा तपासा.

पायरी आठवी : पाणी, धूर, इंधन, वीज

एक्झॉस्टच्या बाबतीत इंजिन मधे ठेवल्याचा फायदा होतो. बर्ट्रामच्या ट्रान्समवर जुन्या पाइपांची वाट आधीच असते. लांब होजला मागे सतत उतार ठेवा, फुटाला किमान अर्धा इंच, मधे कुठेही झोळ नको. इंजिनाजवळचा सगळ्यात उंच भाग भरलेल्या बोटीच्या पाणरेषेपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर तरी वर हवा, नाहीतर लाटेचं पाणी उलटं सिलिंडरमध्ये येतं. इंजिन खोलात बसलेलं असल्यामुळे हे माप सहज चुकतं. पेट्रोलच्या नव्या इंजिनांना धूर स्वच्छ करणारे उत्प्रेरक असतात आणि त्यांचे मॅनिफोल्ड, म्हणजे धूर गोळा करणारे पाइप, रुंद असतात, ते जुन्या पेटीखाली मावतात का आधी बघा.

थंड करणारं समुद्राचं पाणी ड्राइव्हमधून लांब होजने पुढे ओढण्यापेक्षा इंजिनाजवळ तळात वेगळी तोटी, तिला बंद करायचा व्हॉल्व्ह आणि गाळणी हे जास्त खात्रीचं. खाऱ्या पाण्यात चालवायची असेल तर इंजिन आतल्या गोड्या पाण्याच्या बंद चक्राचंच घ्या.

पेट्रोलच्या बोटीत सगळी विजेची उपकरणं ठिणगी बाहेर न पडू देणारी, सागरी वापराची घ्या. मोटारगाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर स्वस्त म्हणून लावू नका. इंधनाची होज अमेरिकेत ए१-१५ अशा खुणेची मिळते, तीच वापरा. हवा खेचणारा ब्लोअर लावा आणि इंजिन सुरू करण्याआधी तो चार मिनिटं चालवण्याची सवय लावून घ्या. जॅकशाफ्टची पोकळी ट्रान्समपर्यंत सलग जाते, म्हणून पेट्रोलची वाफही तिथे साचू शकते. ब्लोअरचं तोंड त्या पोकळीच्या तळाशी न्या.

गिअरची केबल आता लांब झाली. ड्राइव्ह मागे, इंजिन मधे, लिव्हर पुढे. केबल जड चालत असेल किंवा तिला तीव्र वळणं द्यावी लागत असतील तर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल घ्या. दोन ड्राइव्हना जोडणारा टायबार आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग हवंच.

आउटड्राइव्ह अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि खाऱ्या पाण्यात त्यांचा खरा शत्रू वीज आहे. ड्राइव्हवरचे अनोड, म्हणजे ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, खाऱ्या पाण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचे घ्या. धक्क्यावरून वीज घेत असाल तर त्या तारेतून येणारा, धातू झिजवणारा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा. तळाला लावायच्या रंगात तांबं असेल तर तो ड्राइव्हला लावू नका आणि ड्राइव्हभोवतीच्या तळावरही पट्टा कोरा सोडा.

पायरी नववी : पंखा आणि समुद्रावरची चाचणी

पंखा निवडण्यासाठी सोपं गणित आहे. पिच म्हणजे एका फेरीत पंखा घसरण नसती तर जितका पुढे गेला असता ते अंतर. इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या भागिले गिअरचं प्रमाण, गुणिले इंचातली पिच, भागिले १,२१५. उत्तर नॉटमध्ये येतं. ४,८०० फेऱ्या, १.६५ चं प्रमाण आणि १९ इंचाची पिच धरली तर साडेपंचेचाळीस नॉट. पाण्यातली घसरण बारा टक्के वजा केली की चाळीस. तुमच्या बोटीच्या वजनाला आणि इंजिनाच्या ताकदीला हा वेग अशक्य असेल तर पिच कमी घ्या. दोन पंखे उलट दिशांना फिरतील असेच ड्राइव्ह निवडा.

पहिल्या फेरीत इंधन अर्धं, माणसं मोजकी आणि समुद्र शांत असू द्या. न्यूट्रलमध्ये फेऱ्या हळूहळू वाढवत थरथर कुठे सुरू होते ते ऐका. मग पाण्यावर. पूर्ण थ्रॉटलला इंजिन निर्मात्याने दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतं का पाहा. पोहोचत नसेल तर पिच एक इंचाने कमी केल्यावर साधारण दीडशे ते दोनशे फेऱ्या वाढतात. त्या फेऱ्या न गाठता बोट वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेत, त्यांची इंजिनं लवकर जातात.

दर अर्ध्या तासाने थांबून आवरणाची खिडकी उघडा. इंजिन बंद करूनच. क्रॉस आणि सेंटर बेअरिंगचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने टिपा. एक सांधा दुसऱ्यापेक्षा खूप गरम असेल तर तिथला कोन चुकला आहे. ट्रान्समच्या आतल्या बाजूला कोरडा कागद फिरवून ओल शोधा. मधल्या वेगात नाळ डुलते का, ड्राइव्ह आत ओढल्यावर ती थांबते का, हे लिहून ठेवा. थांबत नसेल तर वजनाचा तक्ता पुन्हा काढा. टॅबची खरेदी त्यानंतर.

पहिल्या दहा तासांच्या आत इंजिनाच्या पायांचे, शाफ्टच्या फ्लँजचे आणि ट्रान्सम-प्लेटचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. क्रॉसना ग्रीस प्रत्येक मोसमात अनेकदा, ड्राइव्ह आणि ट्रान्सम यांमधून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी भात्यांची पाहणी दरवर्षी. भाता फाटला की बोट बुडू शकते, म्हणून तडे दिसायची वाट न बघता तो वेळापत्रकाने बदला.

हे काम कोणी करू नये

बोट वर्षभर पाण्यातच उभी राहणार असेल आणि तुम्ही तिच्याकडे महिन्यातून एकदा फिरकणार असाल, तर इनबोर्डच ठेवा. शाफ्ट आणि सुकाणू दुर्लक्ष सोसतात, आउटड्राइव्ह सोसत नाहीत. बोट विकून पैसे परत येतील या आशेनेही हे करू नका. जुन्या बर्ट्रामचे खरेदीदार मूळ मांडणीला जास्त भाव देतात. तुम्ही उथळ खाड्यांत शिरता, बोट ट्रेलरवर किंवा लिफ्टवर कोरडी ठेवता, आणि वेग व इंधन या दोन्हींची तुम्हाला पर्वा आहे, तर मात्र या मेहनतीचं चीज होतं. वजनकाटा असलेली क्रेन कोणत्या यार्डात आहे, ते आधी शोधा.